कुमार साहित्यातील हवामान-डिस्टोपिया

हवामानबदलाने विस्कटलेले नजीकच्या भविष्यातील जग आणि त्यात तग धरणारा किशोरवयीन नायक वा नायिका, या दोन घटकांवर उभा असलेला कादंबरीप्रकार. विज्ञानकथेची ही शाखा साधारणपणे 2000 नंतर, मुख्यतः इंग्रजीत, रुजली. ‘क्लाय-फाय’ (क्लायमेट फिक्शन, म्हणजे हवामानबदलावरील कथासाहित्य) या व्यापक वर्गातही तिची गणना होते.

उगम : याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ज्यूल व्हर्न यांच्या 1889 मधील कादंबरीपर्यंत मागे जातात. तीत उत्तर ध्रुवाखालचा कोळसा काढण्यासाठी पृथ्वीचा कललेला आस सरळ करण्याचा घाट घातला जातो. पण गणितात चूक निघते आणि हवामान जिथल्या तिथे राहते. शिवाय तिचा सूर उपहासाचा आहे. जे. जी. बॅलर्ड यांच्या ‘द ड्राउन्ड वर्ल्ड’चा (1962) दावा अधिक वजनदार. मात्र तेथे लंडन पाण्याखाली जाते ते सूर्यावरील वादळांमुळे. मानवी उत्सर्जनाचा त्यात संबंध नाही, आणि नायकही प्रौढ जीवशास्त्रज्ञ आहे. 1988 मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक वैज्ञानिक मंडळाची स्थापना झाली आणि हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांची अमेरिकी सिनेटपुढील साक्ष गाजली. मानवनिर्मित तापमानवाढ हा कथाविषय म्हणून त्यानंतरच सर्वपरिचित झाला, हे ध्यानात घेता ऑक्टाव्हिया बटलर यांच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ला (1993) आद्यत्व देणे सयुक्तिक वाटते. 2024 सालचा कॅलिफोर्निया, पेट्रोलहून महाग झालेले पाणी आणि पंधरा वर्षांच्या मुलीची रोजनिशी असा तिचा ऐवज आहे. ती प्रौढ वाचकांसाठी प्रसिद्ध झाली होती, हा आक्षेप मात्र उरतो.

कालसंकोच : समुद्रपातळीचे चित्रण हा या कादंबऱ्यांतील तांत्रिकदृष्ट्या सर्वांत वादग्रस्त भाग. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार 2100 पर्यंत संभाव्य वाढ, 1995–2014 च्या सरासरीच्या तुलनेत, अत्यल्प उत्सर्जन धरल्यास 0.28 ते 0.55 मी. आणि अत्युच्च उत्सर्जन धरल्यास 0.63 ते 1.01 मी. आहे. बर्फस्तरांच्या अस्थैर्यामुळे याहून अधिक वाढही अहवाल नाकारत नाही. ग्रीनलंडचा संपूर्ण बर्फ वितळल्यास पातळी सुमारे 7 मी. चढेल, पण त्याला शतके, बहुधा सहस्रके लागतील. ज्यूली बर्टाग्ना यांच्या ‘एक्झोडस’मध्ये (2002) मात्र एकविसाव्या शतकाअखेरीस ग्लासगो बुडालेले दिसते. नायिकेच्या आयुष्यात मावेल एवढ्यात प्रलय उरकणे ही कथनाची गरज असते. अशा कादंबरीला भाकीत समजून तपासणे फारसे उपयोगाचे नाही.

सॅसी लॉइड यांच्या ‘द कार्बन डायरीज 2015’ने (2008) ही अडचण वेगळ्या वाटेने टाळली. तीत ब्रिटनमध्ये कार्बनचे रेशनिंग, म्हणजे प्रत्येकाच्या कार्बन-उत्सर्जनावर मर्यादा, सुरू होते आणि लंडनमधल्या एका मुलीच्या घरातली कुरबुर तिच्याच रोजनिशीतून कळते. पाओलो बासिगालुपी यांच्या ‘शिप ब्रेकर’मध्ये (2010, कुमार साहित्याचा अमेरिकी प्रिंट्झ पुरस्कार 2011) मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर रुतलेल्या तेलवाहू जहाजांच्या अरुंद नळमार्गांतून सरपटत जाऊन मुले तांब्याच्या तारा ओढून काढतात. अंगाने वाढलेला मुलगा त्या कामातून बाद होतो. वयात येणे आणि पोट भरणे यांतला हा झगडा प्रलयाच्या कोणत्याही वर्णनापेक्षा प्रभावी उतरला आहे.

वाचकांवरील परिणामाचा अभ्यास त्रोटक आहे. मॅथ्यू श्नायडर-मेयरसन यांच्या 2018 मधील 161 अमेरिकी वाचकांच्या पाहणीत हवामानकथांनी बहुतांशी नकारात्मक भावना जागवल्याचे आढळले. ही पाहणी केवळ कुमार साहित्यापुरती नव्हती.

इंग्रजीखेरीज एम्मी इतारांता यांची पाणीटंचाईवरील फिनिश कादंबरी (2012) उल्लेखनीय. कॅनडातील मेटी (मूलनिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातील) लेखिका शेरी डिमालाइन यांच्या ‘द मॅरो थीव्ह्ज’मध्ये (2017) उद्ध्वस्त झालेल्या हवामानात मूलनिवासी मुलांना अस्थिमज्जेसाठी पकडले जाते, मूलनिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून ठेवणाऱ्या कॅनडातील निवासी शाळांचा इतिहास तेथे भविष्यकाळात पुन्हा घडतो.