‘फाँतोमास’ दर आठवड्याला यायचा?

फ्रेंच दिग्दर्शक लुई फेयाद यांचा ‘फाँतोमास’ म्हणजे दर आठवड्याला एक भाग दाखवणारी, प्रत्येक भाग ऐन संकटात तोडणारी मालिका, असं मूकपटांवरच्या लेखांत वर्षानुवर्षं छापून येतं. ते बरोबर नाही.

गोमाँ कंपनीने मे १९१३ ते मे १९१४ या वर्षभरात पाच चित्रपट काढले. दोन चित्रपटांमध्ये काही महिन्यांचं अंतर असे. प्रत्येकात गुन्हा नवा आणि वेषांतरं नवी. रने नाव्हार या नटाने साकारलेला गुन्हेगार फाँतोमास शेवटी निसटतो, पण त्या चित्रपटातली गोष्ट बहुतेक वेळा तिथेच संपते. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस घर स्फोटात उडतं आणि त्याच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर ज्यूव्ह वाचला की नाही ते कळत नाही, हा ठळक अपवाद. बहुधा त्याच्यामुळेच गैरसमज पसरला असावा. मूळ कादंबऱ्याही १९११ पासून दरमहा निघत, आठवड्याला नव्हे.

फेयाद यांच्याच ‘ले व्हांपीर’ या चित्रपट-मालिकेचे दहा भागही (१९१५-१६) अनियमितच आले. आठवड्याचा नेम आला तो त्यांच्या १९१७ च्या ‘ज्युदेक्स’ या मालिकेत. तेव्हा ‘ल पती पारिझियाँ’ या वृत्तपत्रात कथाही सोबत छापली जात होती.

म्हणून ‘फाँतोमास’ पाहताना एकेक चित्रपट स्वतंत्र, पूर्ण कलाकृती म्हणून पाहा. त्याची संथ, लांबलचक दृश्यं तेव्हाच खरी उमगतात.