फोकाच्चा, घरगुती

फोकाच्चा : यीस्टने आंबवलेल्या सैल पिठाचा, ऑलिव्ह तेलाचा सढळ वापर करून भाजलेला इटलीतील चपटा खारा पाव. पृष्ठभागावर बोटांनी पाडलेले खळगे आणि त्यांत साचलेले तेल-मीठ ही त्याची खूण. लिगुरिया प्रांतातील जेनोव्हा शहर त्यासाठी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. तेथे तो सकाळी कॉफीत बुडवूनही खातात. चहात खारी बुडवणाऱ्या सातारकरांना यात नवल वाटू नये. प्रस्तुत नोंदीत सातारा-सांगली भागातील घरगुती भाजणीचा विचार प्रामुख्याने केला आहे.

उगम : फोकाच्चाचे मूळ एट्रुस्कन (रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या) लोकांपर्यंत मागे नेण्याचा प्रघात आहे. तथापि तापल्या दगडावर किंवा राखेत भाजलेली चपटी भाकर भूमध्य समुद्राभोवती अनेक समाजांत होती, त्यामुळे एकाच समाजाला श्रेय देणे कठीण जाते. रोमन लेखक केटो (इ. स. पू. २३४–१४९) याने दिलेली ‘लिबम’ या नैवेद्याच्या पावाची कृतीही पूर्वज म्हणून पुढे केली जाते, परंतु तीत पीठ, चीज व अंडे आहे, आंबवण नाही. स्पेनमधील सेव्हिलचा बिशप व कोशकार इसिडोर (सु. ५६०–६३६) राखेत भाजलेल्या पावाला ‘फोकासियस’ असेही म्हणतो. नावाचा धागा येथवर निश्चित पोहोचतो. पदार्थाचे आजचे तेलयुक्त, खळग्यांचे रूप मात्र बरेच नंतरचे, बहुधा मध्ययुगाच्या उत्तरार्धातील किंवा त्याही नंतरचे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रकार : लिगुरियातील रेक्को गावचा चीज भरलेला पातळ फोकाच्चा यीस्टविना करतात, त्याला २०१५ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. दक्षिण इटलीतील बारी शहराकडील प्रकारात डुरम (कठीण दाण्याच्या) गव्हाचा बारीक रवा, उकडलेला बटाटा, टोमॅटो व ऑलिव्ह असतात.

पीठ : फोकाच्चाचे यश कृतीपेक्षा पिठावर ठरते. दुकानातल्या मैद्यात प्रथिने बहुधा १० टक्क्यांच्या आसपास असतात. ५०० ग्रॅम मैद्याला ३५० ते ३७५ मिलि. पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट व ३० मिलि. तेल हे प्रमाण त्याला पेलते. इटालियन कृतींतील याहून सैल मिश्रण या मैद्याने केल्यास पसरून बसते. चक्कीवर दळलेल्या कणकेत स्टार्चचे कण अधिक भंगलेले असतात. ती पाणी भरपूर पिते, पण तीतील कोंडा ग्लुटेनची (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांची) जाळी तोडतो आणि पाव बसका होतो.

कृष्णाकाठचा खपली गहू (ट्रिटिकम डायकोकम) येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण इटलीतील ‘फार्रो’ हे याच जातीचे धान्य. खपलीत २८ गुणसूत्रे असतात, पावाच्या साध्या गव्हात ४२. पावाला बळ देणाऱ्या ग्लुटेनिन प्रथिनांतील महत्त्वाचा वाटा ज्या तिसऱ्या गुणसूत्रसंचातून येतो, तो खपलीत नाहीच. म्हणूनच खिरीला उत्तम असलेला हा गहू एकट्याने फोकाच्चा फुलवत नाही. मैद्यात चौथा हिस्सा खपलीचे पीठ मिसळले, तर खमंगपणा येतो आणि जाळीही टिकते. बन्सी हा आपल्याकडील डुरम; बारीच्या प्रकारासाठी त्याचा रवा मिक्सरमधून अगदी बारीक करून घ्यावा.

आंबवणे : सांगलीचा एप्रिल ३८ अंश सेल्सिअसपुढे जातो. अशा वेळी पीठ तासाभरातच चढते, पण चव धरत नाही. मळण्यासाठी माठातले पाणी घेऊन पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणे हा भरवशाचा मार्ग. महाबळेश्वरी थंडीत उलट कोमट पाणी व उबदार कोपरा लागतो.

भाजणी : तेल लावलेल्या ट्रेमध्ये पीठ पसरून ते पुन्हा फुगले, की बोटे तळापर्यंत दाबून खळगे पाडतात. जेनोव्हाकडे नंतर त्यावर मीठ-पाणी-तेलाचे मिश्रण ओततात. त्यामुळे पृष्ठभाग लगेच कोरडा पडत नाही आणि खळगे पांढरट, मऊ राहतात. ही पायरी गाळू नये. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २२० ते २३० अंशांवर आधी नीट तापवून पाव खालच्या कप्प्यात २० ते २५ मिनिटे भाजतात. ओव्हन नसल्यास बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजता येतो. तळ छान खरपूस होतो, वरची बाजू फिकी राहते, म्हणून शेवटी उलटावा.

वरचे जिन्नस : रोझमेरीऐवजी ओवा किंवा ठेचलेला लसूण चालतो, लसूण तेलात बुडवून घालावा, नाहीतर करपतो. शेंगदाणा तेलाने पाव चांगला होतो, चव मात्र वेगळी येते. इटलीतील तोस्काना प्रांतात द्राक्षहंगामात द्राक्षे घातलेला चपटा पाव करतात. तासगावची द्राक्षे वा बेदाणे त्या धर्तीवर, जाड मिठासह वापरता येतात. बेदाणे पाण्यात भिजवून पिठाच्या आत दाबावेत. वर राहिलेले जळून कडू होतात.