ग्रीनची दक्षिण मोहीम (१७८०–८२)

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जनरल नथॅनेल ग्रीन (१७४२–८६) याने कॅरोलायना व जॉर्जिया या दक्षिणेकडील वसाहतींत ब्रिटिशांविरुद्ध चालवलेली मोहीम. ग्रीनने स्वतः लढलेली एकही मोठी लढाई निर्विवाद जिंकली नाही. तरी वर्षभरात दक्षिणेत चार्ल्सटन आणि सव्हाना या बंदरांपलीकडे ब्रिटिशांचा अंमल फारसा उरला नाही.

१२ मे १७८० रोजी चार्ल्सटन पडले आणि पाच हजारांवर अमेरिकन सैनिक कैद झाले. ऑगस्टमध्ये कॅम्डेनला ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसने अमेरिकन जनरल गेट्सची धूळधाण उडवली. डिसेंबरात ग्रीनने शार्लट येथे सूत्रे घेतली, तेव्हा अंगावर धड कपडे आणि हातात हत्यार असलेले शिपाई जेमतेम आठशे होते. पण तो आधी वॉशिंग्टनच्या सैन्याचा रसदप्रमुख होता आणि माझ्या मते इथेच या मोहिमेची किल्ली आहे. लढाईआधी त्याने नद्यांची पाहणी करवली. कॅटॉबा पाहायला पोलिश अभियंता कोश्चुश्को गेला. डॅन नदीचे उतार आणि होड्या यांची जबाबदारी एडवर्ड कॅरिंग्टनकडे होती.

मग ग्रीनने मूठभर फौजही दोन भागांत विभागली. बलाढ्य शत्रूसमोर असे करणे युद्धशास्त्राच्या विरुद्ध. पण उजाड मुलखात एकाच ठिकाणी सगळ्यांची पोटे भरणे शक्य नव्हते, शिवाय कॉर्नवॉलिसलाही फौज फोडावी लागली. ग्रीनचा सेनानी डॅनियल मॉर्गन याच्या तुकडीमागे कॉर्नवॉलिसने आपला अधिकारी टार्लटन याला धाडले आणि १७ जानेवारी १७८१ रोजी काउपेन्सच्या कुरणात गाठ पडली. मॉर्गनने गावोगावच्या हंगामी सैनिकांकडून, म्हणजे मिलिशियाकडून, अशक्य ते मागितले नाही. संगिनी समोर आल्या की हे लोक पळतात, हे त्याला ठाऊक होते. म्हणून आदल्या रात्री शेकोट्यांभोवती फिरून त्याने त्यांना सांगितले, दोन-तीन फैरी झाडा आणि मागे या. ते ठरल्याप्रमाणे मागे सरले; पळापळ झाली असे समजून ब्रिटिश बेशिस्तीने धावत आले. मागच्या फळीत कर्नल हॉवर्डचे कवायती पायदळ होते. हुकूम समजण्यात घोटाळा होऊन तेही मागे वळले. पण मॉर्गन व हॉवर्डने त्यांना सावरले, आणि त्यांनी गर्रकन फिरून अगदी जवळून फैर झाडली. त्याच सुमारास घोडदळ बाजूने तुटून पडले. सुमारे अकराशेंपैकी बहुतेक ब्रिटिश सैनिक ठार, जखमी किंवा कैद झाले.

चिडलेल्या कॉर्नवॉलिसने वेगासाठी रॅमसोर्स मिल येथे आपल्याच गाड्या, तंबू आणि रमची पिंपे जाळली आणि भर हिवाळ्यात पाठलाग सुरू केला. ग्रीन एकामागून एक नद्या ओलांडत मागे हटत राहिला. ओथो विल्यम्सची तुकडी पिछाडी राखत होती. १४ फेब्रुवारीला सैन्य डॅनपार गेले, होड्याही पलीकडे गेल्या आणि ब्रिटिश फुगलेल्या नदीच्या अलीकडेच अडकले. १५ मार्चला गिलफर्ड कोर्टहाउस येथे मैदान कॉर्नवॉलिसने मारले खरे, पण सुमारे १,९०० पैकी ५०० हून अधिक माणसे गमावून. आणखी असा एक विजय मिळाला तर ब्रिटिश फौज बुडेल, असे ब्रिटिश राजकारणी चार्ल्स फॉक्सने त्यानंतर पार्लमेंटमध्ये म्हटले. कॉर्नवॉलिस समुद्राकडे वळला, पुढे व्हर्जिनियात गेला आणि ऑक्टोबरात यॉर्कटाउनला शरण आला. (हाच कॉर्नवॉलिस पुढे भारतात गव्हर्नर-जनरल झाला. १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ दाणागोटा संपून त्याने वेढ्याच्या जड तोफा निकामी केल्या, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या लष्करी बाजाराने त्याच्या उपाशी फौजेला धान्य पुरवले.)

ग्रीनने त्याचा पाठलाग न करता दक्षिणेची वाट धरली. हॉबकर्क्स हिल, नाइन्टी सिक्सचा वेढा, युटॉ स्प्रिंग्ज, सगळीकडे माघार त्याच्याच वाट्याला आली. पण तो मुख्य फौजेला गुंतवून ठेवत असताना मॅरियन, पिकन्स आणि ली हे अमेरिकन सेनानी गनिमी काव्याने एकेक ठाणे घेत होते. फोर्ट वॉटसन या ब्रिटिश ठाण्याला वेढा घालणाऱ्यांकडे तोफा नव्हत्या, तेव्हा मेजर मेहमच्या कल्पनेने रातोरात ओंडक्यांचा मनोरा रचला गेला. सकाळी त्यावरून गोळीबार सुरू झाला आणि तटाआडची शिबंदी शरण आली. या डावपेचांचे श्रेय एकट्या ग्रीनला देणे मॅरियनसारख्यांवर अन्याय ठरेल. शेजाऱ्याने शेजाऱ्याची घरे जाळण्यापर्यंत गेलेली इथली यादवीही विसरता येत नाही.

१४ डिसेंबर १७८२ रोजी ब्रिटिशांनी चार्ल्सटन सोडले. सैनिकांच्या कपडे व अन्नाच्या पुरवठ्यासाठी ग्रीन स्वतः जामीन राहिला होता. ते कर्ज अंगावर असतानाच १७८६ मध्ये तो वारला. अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) १७९२ मध्ये त्याची पत्नी कॅथरीन हिला भरपाई मंजूर केली.