व्यापार खुला झाला, दरी का रुंदावली?

१९४१ साली वोल्फगांग स्टॉल्पर आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी मांडलेला एक सिद्धान्त अर्थशास्त्राच्या वर्गात आजही शिकवला जातो. त्याचं सार असं: ज्या देशात मजूर भरपूर आणि भांडवल तुटपुंजं, तिथे व्यापार खुला झाला की मजुरांच्या हातच्या मालाला जगभरातून मागणी येते आणि मजुरी वाढते. म्हणजे गरीब देशांत व्यापाराने विषमता कमी व्हायला हवी.

मेक्सिकोत झालं उलटंच. १९८६मध्ये हा देश गॅट या आयातशुल्क कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. पुढच्या दहा वर्षांत कुशल आणि अकुशल कामगारांच्या पगारातलं अंतर वाढत गेलं. एक कारण असं की, आयातशुल्काचा आडोसा जास्त होता तो कपडे, पादत्राणं अशा उद्योगांना, आणि तिथेच कमी शिकलेली माणसं कामाला होती. शुल्क उतरलं तेव्हा पहिला फटका त्यांना बसला.

दुसरं कारण रॉबर्ट फीन्स्ट्रा आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं, आणि मला तेच अधिक मोलाचं वाटतं. समजा, मोटारीतल्या वायरींच्या जोडणीचं काम अमेरिकेतून मेक्सिकोत गेलं. अमेरिकेच्या लेखी हे कमी कौशल्याचं काम, ते गेलं की तिथे उरतात ती जास्त कौशल्याची कामं. पण मेक्सिकोत तेच काम इतर बऱ्याच कामांपेक्षा वरच्या कौशल्याचं ठरतं. त्याला नकाशा वाचणारे तंत्रज्ञ लागतात, दर्जा तपासणारे लागतात. त्यामुळे एकच काम सीमा ओलांडताना दोन्हीकडे शिकलेल्यांचा भाव वाढवतं. शाळा सुटलेला शेतमजूर दोन्ही हिशेबांच्या बाहेरच राहतो.

शिवाय माणूस मालासारखा हलत नाही. ब्राझीलने १९९० ते १९९५ या काळात आयातशुल्क झपाट्याने कमी केलं. ज्या भागांतले उद्योग त्याने होरपळले, ते भाग वीस वर्षांनंतरही सावरले नव्हते. उलट इतरांच्या तुलनेत आणखी मागे पडत गेले.

तरीही निर्यातीलाच दोष देणं चुकीचं ठरेल, कारण तैवानही निर्यातीवरच वाढला. मात्र तिथे आधी जमिनीचा प्रश्न हाती घेतला गेला. १९४९मध्ये कुळाने जमीनमालकाला द्यायच्या खंडावर मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांची मर्यादा आली, १९५३मध्ये कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या. पुढे निर्यातीचे कारखानेही खेड्यापाड्यांत पसरले. शेतकऱ्याची मुलं घरी राहूनच पगार आणू लागली, आणि १९६०-७०च्या दशकांत निर्यात भरात असताना तिथली उत्पन्नातली विषमता कमी होत गेली.