खरवसावरून पाणी वाहताना

ताटाला धक्का लागला की खरवस थरथरतो. ती थरथर त्याच्या अंगातून किती वेगाने धावते, या एका आकड्यात, पाण्याचा रोध घटावा म्हणून जहाजांवर चढवायच्या मऊ लेपांचं सारं गुपित दडलं आहे.

१९३६ मध्ये केंब्रिजच्या जेम्स ग्रे यांनी हिशेब मांडला. डॉल्फिन गाठतो तो सेकंदाला १० मीटरचा वेग गाठायचा, तर त्याच्या स्नायूंना नेहमीच्या सुमारे सातपट ताकद लागेल. मग किमया त्वचेतच असणार, असं अनेकांना वाटलं. मॅक्स क्रेमर या जर्मन अभियंत्याने १९५० च्या दशकात तशी रबरी कातडी बनवली, ती चढवलेली नळकांडी मोटारबोटीमागून ओढली आणि पाण्याचा रोध निम्म्याहून अधिक घटल्याचं सांगितलं. इतरांना मात्र तसा निकाल मिळेना. ग्रे यांच्या हिशेबातही खोट होती: डॉल्फिनची ती धाव काही सेकंदांची, आणि त्यांनी धरलेली ताकद दमसासाच्या कामाची.

तरी क्रेमर पूर्ण चुकले नव्हते. प्रवाह शांत, थराथराने सरकणारा असेल, तर त्यात उठू पाहणाऱ्या लहान लाटा मऊ पृष्ठभाग काही काळ दाबून धरतो. १९८० च्या दशकातल्या प्रयोगांनी हे दाखवलं.

प्रवाह एकदा खवळला की गोष्टच बदलते. आता भोवरे पृष्ठभागाला सतत ढकलतात, ओढतात. लेप कडक असेल तर खळगे मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) उथळ पडतात आणि पाण्याला त्यांचा पत्ताही लागत नाही; लेप असून नसल्यासारखा. लेप फार मऊ असेल, म्हणजे पाण्याचा वेग त्यातल्या थरथरीच्या वेगाच्या कित्येक पट झाला, तर पृष्ठभागावर उंचवटे उठतात. पृष्ठभागाला चिकटून पाण्याचा एक अतिपातळ थर असतो, तिथे श्यानतेचं, म्हणजे पाण्याच्या चिकटपणाचं, राज्य चालतं. सेकंदाला ५ मीटरच्या प्रवाहात तो केसापेक्षाही पातळ, काही दशांश नव्हे तर शतांश मिलिमीटरचा. उंचवटे या थराबाहेर डोकावले की गुळगुळीत लेप खडबडीत ठरतो आणि रोध वाढतो. मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं: ओबडधोबडपणा कुणी घडवलेला नसतो, पाणी स्वतःच तो घडवतं आणि स्वतःच त्याला अडखळतं.

म्हणून लेप ना फार कडक हवा, ना फार मऊ. शिवाय ही मधली जागा वेगाबरोबर सरकते. बंदरातून संथ निघालेल्या जहाजाला मानवलेला लेप खोल समुद्रात, पूर्ण वेगात, उंचवट्यांनी भरून जाऊ शकतो.