ट्रॉली जोडून कुंभार्ली घाट उतरताना

आमच्याकडून जनरेटर, मिक्सर किंवा कॉम्प्रेसर भाड्याने घेऊन कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी हे पत्रक आहे. जो स्टिअरिंगवर बसणार त्यानेच ते वाचावे. मालकाने वाचून ड्रायव्हरला तोंडी सांगितले, तर निम्मे राहून जाते.

चढाला गाडी स्वतःच बोलते. आवाज जड होतो, टेंपरेचरचा काटा वर सरकतो, माणूस सावध होतो. उताराला मात्र ती हलकी वाटते आणि ब्रेक तापल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून आमचा सगळा भर उतारावर आहे.

हिशेब करून बघा. जनरेटरची ट्रॉली दीड टन आणि भरलेली पिकअप तीन टन धरा. रस्ता 100 मीटरला 6 मीटर उतरत असेल, तर एकटी ट्रॉली 90 किलोच्या जोराने मागून ढकलत राहते. आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, तिलाही पिकअपनेच आवरायचे असते. साडेचार टनांचा हा जोड 500 मीटर उंची उतरला, तर 60 लिटरहून जास्त थंड पाणी उकळेल एवढी ऊर्जा मोकळी होते. कोयनेचे पाणी अशाच उंचीवरून खाली जाऊन पोफळीला वीज तयार करते. तुमच्या गाडीत ती ऊर्जा एक तर इंजिनाने झेलायची, नाहीतर ब्रेकच्या लायनरने.

इंजिनाने झेलायची असेल, तर हेळवाक सोडल्यावर घाट लागण्याआधीच दुसऱ्या गिअरमध्ये या. वेग वाढल्यावर गिअर उतरवायला गेलात आणि तो पडला नाही, तर ट्रॉलीसकट न्यूट्रलमध्ये सापडाल. पेट्रोलच्या मानाने डिझेल इंजिन मोठ्या गिअरमध्ये गाडीला फारसे धरून ठेवत नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्यात ‘इंजिन आवरेल’ या भरवशावर राहू नका. ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरू नका. नीट दाबा, वेग कमी करा, पाय पूर्ण काढा. ड्रमला थंड व्हायला तेवढीच सवड मिळते.

डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय आम्ही पाहिली आहे. कृपया असे कधीही करू नका. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलके करणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम देणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले की साठलेल्या व्हॅक्यूमवर पेडल दोन-तीनदा नीट दबते, मग दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते.

पेडल खाली जाऊ लागले, तर ब्रेक ऑइल उकळले असे समजा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही आणि करपल्याचा वास येतोय, तर लायनर तापले आहेत. दोन्ही वेळी खालच्या गिअरमध्ये पहिल्या मोकळ्या जागेवर थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पिकअप व ट्रॉली दोन्हींच्या चाकांना उताराच्या बाजूने गुटके लावा. चार गुटके आम्ही ट्रॉलीसोबतच देतो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि मग लवकर उकळते. दोन वर्षांत बदलले नसेल तर घाटाआधी बदलून घ्या.

मशीनचे वजन ट्रॉलीच्या मागच्या टोकाला गेले की ट्रॉली डोलते. म्हणून पिकअपला जोडायच्या दांडीवर थोडा भार येईल असे आम्ही ते बसवून देतो. जागेवर पोचेपर्यंत ते सरकवू नका आणि मागे सिमेंटच्या गोण्या टाकू नका. डोलायला लागलीच, तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक एकदम मारू नका.

वळणावर ट्रॉलीचे चाक पिकअपच्या चाकापेक्षा आतून जाते. कठड्याकडे किंवा गटाराकडे तेवढी जागा सोडून वळा. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

परतीच्या चढाला फार सांगण्यासारखे नाही. इंजिन दबू देऊ नका, काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. वर आल्यावर दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून मगच बंद करा, टर्बोला तेल मिळत राहते. चढावर थांबलात तर हँडब्रेकवर उभे राहा, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवाल तर प्लेट जळेल.

निघताना आमचा माणूस पिन, पिनेचा खटका, दांडीखाली फुलीसारख्या अडकवलेल्या दोन साखळ्या आणि मागचे दिवे तुमच्यासमोर तपासतो. घाटाच्या तोंडाशी हे सगळे स्वतः पुन्हा एकदा पाहा. तुमच्या पिकअपच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा ट्रॉलीच्या वजनापेक्षा कमी असेल किंवा लिहिलेलीच नसेल, तर तसे सांगा. मशीन आमच्या गाडीने पोचवू.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुके उतरले आणि पुढच्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले, तर वरच थांबा आणि आम्हाला फोन करा. अशा थांबलेल्या दिवसाचे भाडे आम्ही लावत नाही.