मालिका-अभिनेत्री (मराठी दूरचित्रवाणी)

मराठी वाहिन्यांवरील दैनंदिन मालिकांत काम करणारी व्यावसायिक अभिनेत्री. नाटक-चित्रपटांतील अभिनेत्रीपेक्षा तिचे काम निराळे ठरते ते अभिनयाच्या शैलीमुळे कमी आणि गणितामुळे अधिक. आठवड्याला सहा भाग, कधी सातही. जाहिराती वगळता प्रत्येक भाग सुमारे २० ते २२ मिनिटांचा, आणि तेवढे चित्रण साधारण एका दिवसात उरकायचे. चित्रपटाच्या सेटवर दिवसाकाठी दोन-तीन मिनिटांचे पक्के चित्रण झाले तरी दिवस बरा गेला म्हणतात. निवड, मानधन, दिसणे, आजारपण, बाळंतपण, भूमिका हातची जाणे, सगळे या एका हिशोबावर चालते.

पूर्वपीठिका

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या काळात पडद्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्त्रिया रंगभूमीवरून आल्या होत्या किंवा वृत्तनिवेदन करत होत्या. भक्ती बर्वे यांनी दोन्ही केले. स्मिता तळवलकर वृत्तनिवेदिका होत्या, पुढे अभिनेत्री आणि निर्मात्या झाल्या. मृणाल देव (नंतर कुलकर्णी) शाळकरी वयातच ‘स्वामी’ मालिकेतील रमाबाईंच्या भूमिकेमुळे घरोघरी पोहोचल्या. त्या वेळी मालिका आठवड्यातून एकदा लागे आणि तेरा भागांची मुदत रूढ होती. म्हणजे भूमिका तीन महिन्यांत संपे. नोकरी किंवा नाटक सांभाळून ती करता येई.

हे चित्र नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बदलले. प्रतीक्षा लोणकर यांची ‘दामिनी’ ही मराठीतील पहिली दैनंदिन मालिका मानली जाते. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आताची कलर्स मराठी) सुरू झाली, २००८ मध्ये त्यांत स्टार प्रवाहची भर पडली. ‘आभाळमाया’तील सुकन्या कुलकर्णी, ‘अवंतिका’तील मृणाल कुलकर्णी, ‘वादळवाट’मधील अदिती सारंगधर यांच्या काळात मालिका हे पूर्णवेळ काम बनले. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या त्यातील भूमिकांचे वय प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाढत गेले.

निवड

पहिली पायरी ऑडिशनची. आता ती बहुधा मोबाइलवर चित्रित करून पाठवली जाते. सुरुवातीला नाव, वय, उंची, राहण्याचे ठिकाण सांगायचे, चेहरा डावीकडून-उजवीकडून दाखवायचा, मग दिलेले एक-दोन पानी संवाद. मोबाइल आडवा धरावा, मागे कोरी भिंत असावी, उजेड समोरून यावा. खिडकीला पाठ करून उभे राहिले की चेहरा काळा पडतो आणि ऑडिशन पुढे कोणी पाहतच नाही. समोरच्या पात्राचे संवाद वाचणाऱ्याने कॅमेऱ्याला चिकटून उभे राहावे, म्हणजे नजर लेन्सजवळ राहते. आवाज मात्र त्याचा बेताचा हवा. अनेक ऑडिशन्समध्ये नायिकेपेक्षा वाचणाराच जास्त ऐकू येतो.

पसंती मिळाल्यावर लुक टेस्ट होते. त्यात साडी, केशरचना, टिकली, मंगळसूत्र यांचे दोन-तीन पर्याय करून पाहतात आणि नायकासोबत उभे करून उंचीचा मेळ तपासतात. मग एखादा प्रसंग पूर्ण चित्रित करून वाहिनीकडे पाठवला जातो. शेवटचा शब्द निर्मात्याचा नसतो, वाहिनीचा असतो. त्यामुळे दिग्दर्शकाने ‘तुझेच नक्की’ म्हटले तरी करारावर सही होईपर्यंत हातातले दुसरे काम सोडू नये. नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा ‘कार्ड’ यासाठी ऑडिशनआधी पैसे मागणारा कास्टिंगवाला फसवा समजावा. निवडीचे पैसे निर्मिती संस्था देते, कलावंत नव्हे.

बोलीचा कस याच टप्प्यावर लागतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिकेची वऱ्हाडी ढंगाची भाषा किंवा ‘रात्रीस खेळ चाले’मधील मालवणी हा त्या मालिकांचा कणाच होता. बोली येत नसेल तर नुसते ‘हाय’, ‘न्हाय’ पेरून भागत नाही. हेल चुकला की त्या भागातील प्रेक्षक पहिल्याच आठवड्यात उठतो.

सेटवरचा दिवस

बहुतेक सेट गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, मढ, मीरा रोड आणि ठाण्यातील घोडबंदर रस्ता या पट्ट्यात आहेत. काही मालिका मुंबईबाहेर जातात. ‘तुझ्यात जीव रंगला’चे चित्रण कोल्हापूरजवळच्या वसगड्यात, ‘रात्रीस खेळ चाले’चे सावंतवाडीजवळच्या आकेरीत झाले. बाहेरच्या चित्रणात प्रवास वाचतो, पण घर महिनोन् महिने दिसत नाही.

पाळी बारा तासांची धरतात. सकाळी सातचा कॉल असेल तर नऊवारी, अंबाडा आणि दागिने असलेल्या अभिनेत्रीला मेकअपच्या खुर्चीत आधीच बसावे लागते, कारण तिच्या तयारीला तास-दीड तास जातो आणि नायक वीस मिनिटांत तयार होतो. संवाद अनेकदा त्याच सकाळी हातात पडतात. पटकथा, संवाद, वाहिनीची मंजुरी अशी साखळी असते आणि तिच्यातला एक दुवा अडला की कागद थेट सेटवर उतरतो. म्हणून पाठांतराची रीत नाटकाहून वेगळी असते. पूर्ण पान घोकण्याऐवजी आधी समोरच्याच्या वाक्याचा शेवट, म्हणजे क्यू, पक्का करायचा, मग आपल्या वाक्यातला मुख्य शब्द, आणि उरलेले अर्थाच्या ओघात सोडायचे. घोकलेले पान आयत्या वेळच्या एका बदलाने कोसळते. प्रॉम्प्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यामागून संवाद सांगणे, उपलब्ध असते, पण त्याची सवय लागली की नजर समोरच्या माणसाच्या कानामागे जाऊ लागते आणि क्लोजमध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या जवळून घेतलेल्या चित्रणात, ते लपत नाही.

दोन किंवा तीन कॅमेऱ्यांवर आधी मास्टर, म्हणजे संपूर्ण प्रसंगाचे सलग चित्रण, घेतात, मग क्लोज. मास्टरमध्ये कोणत्या शब्दावर चहाचा कप उचलला, पदर कोणत्या खांद्यावर होता, हे क्लोजमध्ये तसेच्या तसे करावे लागते. ते जुळले नाही तर संकलकाला तो तुकडा वापरता येत नाही आणि अभिनेत्रीची सर्वांत चांगली प्रतिक्रिया कापली जाते. अनुभवी अभिनेत्री म्हणूनच मास्टरमध्ये हातवारे कमी ठेवतात. प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. स्वयंपाकघराची प्रकाशयोजना लागली की तीन वेगवेगळ्या भागांतले स्वयंपाकघराचे प्रसंग सलग उरकतात. सकाळी भांडण, दुपारी त्या भांडणाआधीचे हसू. प्रत्येक पोशाखाचा समोरून, मागून आणि हातांचा फोटो काढण्याचे काम सहायक दिग्दर्शकाचे असते. तरी स्वतःच्या मोबाइलमध्येही तो ठेवलेला बरा, कारण सहायक बदलतात आणि टिकलीचा आकार लक्षात ठेवणारे कोणी उरत नाही.

रडण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दैनंदिन मालिकेत त्याला सुट्टी नसते. ग्लिसरीन डोळ्यांत घालायचे नसते. कापसाच्या काडीने ते खालच्या पापणीच्या काठाशी लावतात. मेन्थॉलची कांडी डोळ्याखाली हाडावर फिरवतात आणि तिच्या वाफेने पाणी येते. दोन्ही जास्त झाले की डोळे लाल होतात, आणि ती लाली अर्ध्या तासात जात नाही. मग पुढचा हसरा प्रसंग खोळंबतो किंवा चेहरा सुजलेला दिसतो. शक्य तेथे रडण्याचे प्रसंग पाळीच्या अखेरीस ठेवतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी ती आधी काढून ठेवावी.

आवाज बहुधा सेटवरच ध्वनिमुद्रित होतो. छोटा माइक ब्लाउजच्या आत किंवा पदराच्या निरीखाली चिकटपट्टीने लावतात. रेशमी साडीची सळसळ, बांगड्यांची किणकिण आणि मंगळसूत्र माइकवर आपटणे हे नेहमीचे तीन शत्रू. मिठी मारण्याच्या प्रसंगात माइक दोन छात्यांच्या मध्ये दबतो आणि नेमके भावनिक वाक्य गुदमरते. अशा वेळी मान किंचित बाहेरच्या बाजूला वळवून बोलण्याची युक्ती सगळ्यांनाच शिकावी लागते.

गुरुवार

बार्क या संस्थेची प्रेक्षकसंख्येची मोजणी शनिवार ते शुक्रवार अशा आठवड्याची असते आणि आकडे त्यापुढच्या गुरुवारी येतात. सेटवर गुरुवार ओळखायला दिनदर्शिका लागत नाही. आकडे घसरले की चालू कथासूत्र, म्हणजे ट्रॅक, गुंडाळला जातो आणि चार महिन्यांसाठी आखलेले पात्र दोन आठवड्यांत परदेशी रवाना होते. आकडे वाढले तर एका तासाचा महाएपिसोड येतो, पण बारा तासांची पाळी चोवीस तासांची होत नाही. तो भार आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांवर, सेटच्या भाषेत ‘बँके’वर, पडतो. बँक दहा-बारा भागांची असेल तर अभिनेत्री आजारी पडू शकते. दोन भागांची असेल तर सलाइन लावून सेटवर येण्याची वेळ येते. या व्यवसायातील बहुतेक दुखणी अंगावर काढली जातात ती इथेच, आणि हा दोष नियोजनाचा असतो, कलावंताच्या निष्ठेचे कौतुक करून तो झाकू नये.

कोविडकाळात ही बाजू उघडी पडली. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणे थांबल्यावर बँक संपली आणि वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांना साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान संसर्ग झाला आणि त्यात त्यांचे निधन झाले. एप्रिल २०२१ मधील निर्बंधांनंतर अनेक मराठी मालिकांनी आपले बिऱ्हाड गोव्यासह राज्याबाहेर हलवले होते.

करार आणि पैसा

मानधन दिवसावर ठरते. प्रमुख भूमिकेला महिन्याला किमान दिवसांची हमी मिळते, सहायक भूमिकेला ती मागून घ्यावी लागते. हमी नसेल तर ‘तारखा राखून ठेवा’ म्हणणारी निर्मिती संस्था महिन्याला चारच दिवस बोलावते आणि बाकीचे सव्वीस दिवस दुसरीकडेही काम करता येत नाही. पैसे रूढीने नव्वद दिवसांनी येतात. जूनमध्ये केलेल्या कामाचे बिल जूनअखेर लागते आणि रक्कम सप्टेंबरअखेर हातात पडते. मुंबईत नव्याने आलेल्या मुलीने म्हणूनच चार महिन्यांच्या भाड्याची आणि खर्चाची सोय आधी करावी. व्यावसायिक शुल्क म्हणून त्यातून १० टक्के करकपात होते. विवरणपत्र भरले नाही तर परताव्याचा हक्क बुडतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि १८ टक्के कर बिलावर वेगळा दाखवावा लागतो. मानधन ‘सगळे धरून’ ठरवले असेल तर तो खिशातून जातो.

सही करण्याआधी पाहायच्या गोष्टी : पाळीचे तास आणि जादा वेळेचा दर, मालिका सोडण्याची सूचना-मुदत (ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का), दुसऱ्या वाहिनीवर काम करण्यास मनाई किती काळ, नाटकाच्या प्रयोगांना सूट आहे का. रविवारच्या प्रयोगांच्या तारखा सुरुवातीलाच लेखी दिल्या नाहीत तर पुढे रडारड होते. केस कापणे वा रंगवणे यालाही परवानगी लागते. बालकलाकार असेल तर नियम कडक आहेत. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तर अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि मालिकेच्या सेटवर दहा माणसे तर नुसत्या प्रकाशयोजनेलाच असतात.

पात्राचे नाव, अभिनेत्रीचे नाव

बाजारात हाक येते ती ‘जान्हवी’, ‘पाठकबाई’, ‘अरुंधती’ अशी. तेजश्री प्रधान, अक्षया देवधर, मधुराणी प्रभुलकर ही नावे नंतर आठवतात. या ओळखीवर सुपाऱ्या मिळतात, म्हणजे दुकानांची उद्घाटने, हळदीकुंकवाचे कार्यक्रम, दहीहंडी. अनेकींचे वर्षाचे उत्पन्न त्यातून सावरते. पण तीच ओळख पुढच्या भूमिकेच्या आड येते. वाहिनी सोशिक सुनेला खलनायिका देत नाही. जुई गडकरी यांनी ‘पुढचं पाऊल’नंतर काही वर्षांनी ‘ठरलं तर मग’मधून पुन्हा आघाडी घेतली. असे दुसरे पर्व सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

कलावंत बदलणे हा मालिकेचा खास उपाय. ‘माझ्या नवऱ्याची बायको’त शनायाची भूमिका रसिका सुनील यांच्याकडून ईशा केसकर यांच्याकडे गेली आणि नंतर पुन्हा रसिका यांच्याकडे आली. नव्या अभिनेत्रीने जुनीची नक्कल करू नये. प्रेक्षक पहिले दोन आठवडे तुलना करतो, मग कथेत रमतो. गरोदरपणात भूमिका सोडावीच लागते असेही नाही. फाइल, उशी, स्वयंपाकघराचा ओटा आणि छातीपासून वरची चौकट यांच्या आधाराने पोट लपवत पाच-सहा महिने सहज निघतात. कथेत काही वर्षांची उडी, म्हणजे लीप, आली की तिशीच्या आत अभिनेत्री पडद्यावर विशीतल्या मुलीची आई होते. केसांत पांढरी बट एकदा चढली की पुढचे निरोपही आईच्याच भूमिकांचे येऊ लागतात. म्हणून लीप स्वीकारताना काही जणी मालिका सोडणे पसंत करतात.

मालिका बंद होण्याची सूचना अनेकदा दोन-चार आठवडे आधी मिळते. शेवटच्या दिवशी थकीत दिवसांचा हिशोब लेखी घ्यावा, कारण नव्वद दिवसांनंतर तो विचारायला कार्यालयात ओळखीचे कोणी असेलच असे नाही. साड्या आणि दागिने निर्मिती संस्थेचे असतात. ते मोजून पेट्यांत भरतात, गोदामात जातात, आणि वर्षभराने नायिकेची तीच पैठणी नव्या मालिकेत लग्नाला आलेल्या एखाद्या आत्याबाईंच्या अंगावर दिसते.